संपादकाची अदृश्यता आणि उत्तरदायित्व

कोणत्याही संस्थेच्या पगारावर नसलेला ग्रंथसंपादक आज शेतीचे पुस्तक हाताळतो, उद्या कवितासंग्रह, परवा एखादा प्रबंध. तीस-चाळीस वर्षांच्या अशा श्रमांनंतरही त्याचे नाव बहुधा कोठेच उरत नाही. आणि ही अदृश्यताच आपण त्याचा सद्गुण मानतो. हे मूल्यमापन तपासून पाहिले पाहिजे.

यवतमाळला वकिली करीत य. खु. देशपांडे यांनी महानुभावांच्या पोथ्यांचा अभ्यास केला. त्यांचे ‘महानुभावीय मराठी वाङ्मय’ १९२५ साली प्रसिद्ध झाले. त्या पोथ्यांत संपादनाचा एक वेगळाच आदर्श आढळतो. तेराव्या शतकात म्हाइंभटांनी चक्रधरांच्या लीळा जाणत्यांना विचारून संकलित केल्या. ‘लीळाचरित्रा’त जेथे आठवणींत भेद पडतो तेथे दुसरी आठवण पुसली जात नाही, ‘वासना’ म्हणून, अनेकदा सांगणाऱ्याच्या नावासह, ती नोंदली जाते.

आधुनिक संपादक वऱ्हाडीतून लिहिणाऱ्या नवोदिताचे वाक्य प्रमाणभाषेत बसवतो आणि दुरुस्तीची खूणही मिटवतो. मग छापील वाक्य नेमके कोणाचे? प्रत्येक स्वल्पविरामाचा हिशेब वाचकाला देता येणार नाही, हे मान्य. लेखकाला मात्र तो मिळालाच पाहिजे. मोबदला प्रकाशक देत असला तरी बदललेल्या शब्दाची जबाबदारी मोबदल्याबरोबर फिटत नाही. मुक्त संपादकामागे संस्था उभी नसते. शब्द का बदलला, हे त्याला एकट्यालाच सांगावे लागते. म्हणून दुरुस्त्यांच्या खुणा असलेली प्रत छपाईपूर्वी लेखकाच्या हाती देणे हा सौजन्याचा भाग नसून त्याच्या व्यवसायाचा किमान नैतिक नियम ठरतो.