पेटींतील रथ

जुन्या वस्तूशीं इमानानें वागावें तें कोणत्या रीतीनें? ती होती तशी ठेवून, कीं तिच्याकडून तिचें काम करवून घेऊन? देवळें, वाडे, पोथ्या यांच्या संबंधांत हा प्रश्न आपल्याकडे पुष्कळदां चर्चिला गेला आहे. आज तो मी एका अगदीं हलक्या समजल्या जाणाऱ्या वस्तूच्या निमित्तानें विचारणार आहें. गेल्या शतकाच्या अखेरीस शहरोशहरीं जीं व्हिडिओ गेमचीं पार्लरें होतीं, त्यांतील मोटार चालविण्याच्या खेळाची पेटी ही ती वस्तु होय. हें वाचून एखाद्या गंभीर वाचकाच्या कपाळावर आठी पडल्यास माझी तक्रार नाहीं. फक्त त्यानें पान एवढ्यांत उलटूं नये.

भोर येथील माझ्या एका जुन्या विद्यार्थ्यानें अशी एक पेटी बंद पडलेल्या पार्लरांतून भंगाराच्या भावानें घेतली. लांकडी सांगाडा, त्यांत बसण्याची जागा, स्टिअरिंगचें चाक, पायाखालीं दोन पेडल आणि समोर अवजड पिक्चर ट्यूब. वाड्याच्या दारांतून ती आंत जाईना. कोणी म्हणालें, फळी कापा. कोणी म्हणालें, चौकट काढा. त्यानें दोन्ही न करतां बोल्ट सैल केले आणि दोन भाग करून ती आंत नेली. आंतला मूळ सर्किट बोर्ड मात्र केव्हांच मेला होता. तो त्यानें काढून कागदांत गुंडाळून ठेवला. चाकाच्या दांड्याशीं जोडलेल्या पोटेन्शिओमीटरच्या तीन तारा एका छोट्या पाटीमार्फत संगणकाला जोडल्या. चाक किती वळलें हें त्या तारांतील विजेच्या दाबावरून संगणकास कळूं लागलें, आणि पडद्यावर मोटार धांवूं लागली.

आतां ही पेटी जुनी कीं नवी? मिलिंद राजा आणि भिक्षु नागसेन यांचा पाली ग्रंथांतील संवाद येथें आठवल्याशिवाय राहत नाहीं. राजा रथांतून आला होता. नागसेनानें त्यास विचारलें कीं, महाराज, दांडी म्हणजे रथ काय? आंस म्हणजे रथ काय? चाकें म्हणजे रथ काय? प्रत्येक वेळीं नाहीं म्हणतां म्हणतां राजाच्या हातीं रथ असा उरलाच नाहीं. उरलें तें अवयवांच्या जुळणीला दिलेलें नांव. आमच्या पेटीविषयींही असेंच म्हणून मोकळें होतां आलें असतें. पण यंत्रांचा इतिहास नागसेनापेक्षां थोडा अधिक गुंतागुंतीचा निघाला.

अटारी कंपनीचा ‘ग्रॅन ट्रॅक १०’ हा खेळ १९७४ सालचा. त्यांत प्रोसेसर नव्हताच. तर्क करणाऱ्या चकत्या एकमेकींस तारांनीं जोडलेल्या असत, आणि ती जोडणी हाच खेळ. तेथें देह आणि देही वेगळे काढतां येत नाहींत. पुढें प्रोसेसर आले, आणि खेळ हा चिपमध्यें लिहिलेला मजकूर झाला. सेगा कंपनीचा, यू सुझुकी यांनीं रचलेला १९८६ चा ‘आउट रन’ हा अशा खेळांपैकीं. त्याच्या मोठ्या पेटींत बसलें कीं वळणावर पेटीच कलत असे. मजकूर एकदां वेगळा झाला म्हणजे तो उतरून घेतां येतो. १९९७ सालीं इटलींतील निकोला साल्मोरिया यांनीं ‘मेम’ नांवाचा प्रोग्रॅम प्रसिद्ध केला. जुन्या यंत्रांची नक्कल करून तो हे मजकूर साध्या संगणकावर चालवितो. आणि हें वेळेवर झालें. ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धांतील सेगाच्या कित्येक बोर्डांत प्रोसेसरची गुप्त किल्ली एका लहानशा बॅटरीच्या आधारावर टिकून असे. बॅटरी संपली कीं यंत्र कायमचें मुकें. आपल्या गोष्टींतल्या राक्षसाचा प्राण जसा पोपटांत, तसा ह्यांचा प्राण बॅटरींत. नक्कल करणारांनीं पोपट मरण्यापूर्वींच त्यांतला प्राण काढून घेतला, म्हणून ते खेळ आज खेळतां येतात.

मग पेटीची गरजच काय? येथें मला पुण्यांतील दिनकर गंगाधर केळकर (१८९६–१९९०) यांचा संग्रह आठवतो. त्यांतील अडकित्ते कांचेआड आहेत. एकही सुपारी त्यांनीं फुटत नाहीं. तरीही अडकित्त्याच्या मुठीवर कारागिराची बोटें कशीं फिरलीं असतील हें कळण्यास दुसरा उपाय नाहीं. खेळाचा मजकूर उतरून घेतां येतो, पण चाकाचें वजन, पेडलचा ताण आणि बसल्या जागेची अडचण हीं उतरून घेतां येत नाहींत. म्हणून चालती, मूळ बोर्डासह असलेली पेटी केवळ नवे खेळ खेळण्याच्या सोयीसाठीं पोखरणें हा मला साधा अविचार वाटत नाहीं. तो अपराध वाटतो. मालकी माझी, असें म्हणणारास उत्तर इतकेंच कीं आपल्या मूकपटांच्या फितींचेही कोणी तरी मालक होतेच. त्यांनीं त्यांतील चांदीसाठीं त्या विकल्या. पुण्यास राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ सालीं निघालें, तोंवर पुष्कळ कांहीं वितळून गेलें होतें.

मेलेल्या पेटीची गोष्ट निराळी. तेथें मी कसोटी लावतों ती भोरच्याच राजवाड्याची. चित्रपटवाल्यांनीं त्या वाड्याला कितीदां तरी दुसऱ्याच कुणाचा वाडा केलें. पण पडदे उतरले, दिवे गेले, कीं तो पुन्हा पंतसचिवांचा. जो बदल उद्यां कोणाला मागें घेतां येईल तो करण्यास हरकत नाहीं. करवत चालविली कीं ती वाट बंद होते. माझ्या विद्यार्थ्यानें बोर्ड जपून ठेवला, ह्यांत त्याच्या सर्व कारागिरीपेक्षां मला अधिक शहाणपण दिसतें.

एक गोष्ट मात्र बोर्डानेंही परत येत नाहीं. वेल्ह्याकडील एक तरुण, जो रोज पाबे घाटांतून पिकअप चालवितो, त्या पेटींत बसला, पांच मिनिटांनीं उतरून म्हणाला, “सर, ह्या रस्त्याला दरी नाहीं.” घाटांत पणाला प्राण असतो. पार्लरमध्यें दरी नव्हती, पण नाणें होतें. ‘आउट रन’मध्यें हरवायला प्रतिस्पर्धी नाहींच, शत्रु आहे तें घड्याळ, आणि तें घड्याळ मालकाच्या गल्ल्यासाठीं धांवत होतें. ह्या क्षुद्र हिशेबामुळेंच खिशांत एकच नाणें घेऊन आलेला मुलगा प्रत्येक वळण डोळ्यांत तेल घालून घेई. घरीं बटण दाबलें कीं हवे तितके डाव फुकट मिळतात. मुलें अर्ध्यावर डाव टाकून उठतात, हें मीं पाहिलें आहे. व्यापाऱ्याच्या लोभानें खेळाला जी धार आणली, ती लोभ जातांच बोथट झाली. हें मान्य करावयास मला संकोच वाटतो, तरी तें खरें आहे.

ह्यावर विद्यार्थ्यानें उपाय केला तो असा कीं, नाण्याची फट पुन्हा चालू केली आणि पेटीवर नाण्यांची एक वाटी ठेवली. नाणें टाकल्याशिवाय डाव सुरू होत नाहीं. पण डबा उघडला कीं नाणीं पुन्हा वाटींत. तीं खर्च होत नाहींत, तर तीं नाणीं आहेत कीं नाण्यांचीं चित्रें, ह्या मुद्द्यावर त्याचें आणि माझें अद्याप एकमत झालेलें नाहीं.