गाईड मिट आणि उभा राहा

वही आण इकडे. काय लिहिलंयस हे? 'द अर्थक्वेक इरोडेड द हाउस इन वन मिनिट.' मोठ्यानं वाच. भूकंपानं घर एका मिनिटात झिजवलं? घर कोसळतं, जमीनदोस्त होतं. मिनिटात झिजत नाही! गाईडमध्ये 'इरोड म्हणजे नष्ट करणे' दिसलं, घोकलंस आणि मोकळा झालास.

अरे, त्या क्रियापदाला दात आहेत. लॅटिनमध्ये 'रोडेरे' म्हणजे कुरतडणं. उंदीर-घुशींना रोडन्ट म्हणतात ते त्याच धातूवरून. उंदीर धान्याचं पोतं एका घासात गिळतो का? रात्रभर कुरतडत बसतो आणि सकाळी भोकातून दाणे सांडलेले दिसतात. इरोड म्हणजे ते. लोखंडाला गंज खातो, त्याचं कोरोडही याच घराण्यातलं. भूगोलाच्या पेपरात 'जमिनीची धूप' लिहून मार्क घेतोस ना? तीच धूप म्हणजे इरोजन. एका वहीतलं दुसऱ्या वहीत न्यायला तुला काय झालं?

तुमच्या शेताच्या कडेनं नाला जातो. परवा तूच सांगत होतास, काठावरच्या आंब्याची मुळं उघडी पडलीत, वडील दरवर्षी दगड रचतात. पाण्यानं काठ खाल्ला: 'द स्ट्रीम इरोडेड द बँक.' काठ झिजला: 'द बँक इरोडेड.' मराठीत झिजणं वेगळं, झिजवणं वेगळं. इंग्रजीत एकच क्रियापद दोन्ही कामं करतं. हे गाईडनं सांगितलं नाही, तू विचारलंही नाहीस. आजोबांच्या पासबुकात आकडा तोच राहतो, पण त्यात येणारा किराणा वर्षागणिक कमी होतो. तिथंही महागाई 'इरोड' करते. विश्वासही असाच झिजतो. घाव एकच आणि मोठा असेल, तर मात्र हा शब्द तिथं घालू नकोस.

तुला येत नसतं तर मी आवाज चढवला नसता. तुला येतं. डोळ्यांनी पाहिलेलं असतं, आणि लिहिताना मात्र दुसऱ्याचं उष्टं उचलतोस, याचा मला राग येतो.

उद्या पाच वाक्यं. संध्याकाळी नाल्यावर जायचं, काठाला हात लावून बघायचं, माती कुठून सुटलीय ते बघायचं आणि मग लिहायचं. पहिलं वाक्य फळ्यावर तू लिहिणार आहेस. गाईड माझ्या टेबलावर ठेव. बस खाली.