हात पोहोचतो तोवर

बसा. टेबल पुसून घ्या, फोन दुसऱ्या खोलीत ठेवा आणि डोक्यावरचा पंखा बंद करा. थोडं उकडेल, उकडू द्या. पंख्याखाली बाल्साच्या पट्ट्या जागेवर राहत नाहीत.

आता त्यातली एक पट्टी उचला. तीन मिलिमीटर जाडीची, हातभर लांब. डोळे मिटून ती तळहातावर आडवी धरा. हातावर काहीतरी आहे एवढंच कळतं, त्याचं वजन कळत नाही. हे लाकूड मुख्यतः इक्वाडोरमधून येतं. झाड भराभर वाढतं, काही वर्षांतच तोडणीला येतं. कुळ आपल्या सावरीचं, कापसाचं, भेंडीचं. एक घनमीटर साग साडेसहाशे किलोच्या आसपास भरतो. मॉडेल विमानासाठी निवडलेला हलका बाल्सा शंभर-दीडशे किलो. नख हळूच दाबून पाहा, खूण उमटते. इतकं मऊ लाकूड, आणि दुसऱ्या महायुद्धात मॉस्किटो विमानाच्या धडात प्लायवूडच्या दोन थरांमध्ये हेच भरलेलं होतं.

पुढच्या सगळ्या कामात एक गोष्ट मनाशी धरून ठेवा. या पट्ट्यांतून आपण बांधतोय ते विमान जमिनीवरून सुटलं की आपला हात त्याला लागणार नाही. दोनशे फुटांवर सैल झालेला स्क्रू आवळता येत नाही, उकललेला सांधा दाबून धरता येत नाही. हाताने जे द्यायचं ते आज, इथे, या टेबलावर द्यायचं. म्हणून घाई नाही.

पंखाच्या सगळ्या फासळ्या एकत्र घ्या आणि पत्त्यांसारख्या एकमेकींना लावून उभ्या करा. वरच्या कडांवरून अंगठा फिरवा. एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे, मग उलट. कुठेतरी अंगठा अडखळेल. तिथली फासळी केसभर उंच आहे. डोळ्याला ती दिसली नव्हती. काचकागद सपाट ठोकळ्याला गुंडाळून दोनदाच घासा, पुन्हा अंगठा फिरवा. नुसत्या बोटाने कागद दाबू नका, मऊ जागी लगेच खळगा पडतो.

इथे मला नेहमी मेनार्ड हिल आठवतात. अमेरिकेतला हा म्हातारा माणूस, सत्तरी ओलांडलेला, दृष्टी जवळपास गेलेली, ऐकूही फार कमी येई. त्यांनी पाच किलोहून कमी वजनाचं विमान बांधलं. ९ ऑगस्ट २००३ रोजी कॅनडाच्या न्यूफाउंडलंडहून ते हाताने सोडलं. ते अटलांटिक महासागर ओलांडून आयर्लंडच्या किनाऱ्यावर उतरलं. तीन हजारांहून अधिक किलोमीटर, जवळजवळ एकोणचाळीस तास. आधीचे प्रयत्न फसले होते, विमानं समुद्रात गेली होती. त्या विमानाच्या लाकडावरून किती वेळा बोटं फिरली असतील याचा विचार करत मी फासळ्या घासतो. तुम्हीही करा. अंगठा आपोआप हळू होतो.

पंखाचे दोन्ही अर्धे तयार झाले की ते जोडायचे. सपाट नाही जोडायचे. उघडं पुस्तक टेबलावर ठेवल्यावर पानं मध्यापासून किंचित वर उचललेली असतात, तसे. हवेत एक बाजू झुकली की विमान त्या बाजूला घसरतं, आणि घसरताना त्याच बाजूच्या पंखाला हवेचा आधार जास्त मिळतो. तो परत वर येतो. शिकणाऱ्याच्या विमानाला असा कोन मुद्दाम देतात, म्हणजे माणूस चुकला तरी पंख थोडं सावरून घेतो.

पाच मिनिटांत घट्ट होणारं एपॉक्सी मिळतं. या सांध्यासाठी तीस मिनिटांचं घ्या. दोन्ही नळ्यांतलं सारखं काढा, काडीने कालवा, सांध्याला लावा, टाचण्या आणि चिमटे लावून ठेवा. मग हात मांडीवर ठेवून बसा. या अर्ध्या तासात हलवून बघायचं नाही, पुसायचं नाही, दुसरं काम काढायचं नाही. आत काहीतरी जुळतंय आणि त्याला तुमची गरज नाही. रस्त्यावरची रिक्षा ऐका, शेजारच्या कुकरची शिट्टी ऐका. पूर्ण बळ यायला रात्र जाईल.

आवरणाची फिल्म इस्त्रीने चिकटवणं, सर्वो बसवणं, तारा ओढणं ही कामं मी भरभर सांगून टाकतो. त्यांत सवय लागते, चिंतन फारसं लागत नाही. पंख धडावर बसवताना मात्र थांबा. धडाच्या मागच्या टोकाला मधोमध टाचणी टोचा, तिला दोरा बांधा. दोरा डाव्या पंखाच्या टोकापर्यंत ताणून तिथे शाईची खूण करा. तोच दोरा उजवीकडे न्या. खूण टोकावर आली का? नसेल तर पंख किंचित फिरवा आणि पुन्हा डावीकडे जा. पाच-सहा खेपा होतात. ज्या खेपेला दोन्हीकडे खूण बरोबर येते, त्या वेळी श्वास आपण होऊन सुटतो. तो सुटला की पंखाची जागा पक्की करा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. विमानात सगळं सामान बसवा, बॅटरीसुद्धा तिच्या जागी ठेवा, पण जोडू नका. पंखाची रुंदी, पुढच्या कडेपासून मागच्या कडेपर्यंत, समजा चोवीस सेंटिमीटर आहे. पुढच्या कडेपासून सहा ते सात सेंटिमीटर मागे, धडाच्या दोन्ही बाजूंना, पंखाखाली खूण करा. दोन्ही हातांची तर्जनी त्या खुणांवर टेकवा. आणि उचला.

दीड मीटर पंखांचं विमान दोन बोटांच्या टोकांवर आहे. बघू नका, बोटांकडे लक्ष द्या. शेपूट खाली जाऊ लागली तर ते आधी बोटांना कळतं. शेपूट जड असलेलं विमान हवेत हातातल्या ट्रान्समीटरच्या स्टिकचं ऐकत नाही. किंचित नाक वर केलं की ते वरच जात राहतं, मग वेग संपतो आणि पडतं. नाक जड असलं तर ते सुस्त उडतं, पण सांभाळता येतं. बॅटरी बोटभर पुढे सरकवा. पुन्हा उचला. अजून थोडी पुढे. पुन्हा. आता ते आडवं थांबलंय, नाक जरासंच खाली. तसंच धरून ठेवा. हाताला कंप असेल तर तो पंखांच्या टोकांना दिसेल. हात स्थिर होईपर्यंत थांबा. मोटर, लाकूड, तारा, डिंक, सगळ्याचं वजन या दोन ठिपक्यांवर येऊन थांबलं आहे. मला या छंदातला हा क्षण उड्डाणापेक्षा जास्त प्रिय आहे.

बॅटरीची जागा पेनाने आखून घ्या.

प्रोपेलर अजून लावलेला नसताना ट्रान्समीटर सुरू करा, थ्रॉटल खाली आहे ना पाहा, मग बॅटरी जोडा. कायम याच क्रमाने. बंद करताना उलट. विमानाच्या मागे उभे राहा. स्टिक स्वतःकडे ओढा: एलिव्हेटर, म्हणजे शेपटीची हलती कड, वर गेला पाहिजे. उजवीकडे न्या: पंखांच्या हलत्या कडांपैकी उजवा एलेरॉन वर, डावा खाली. प्रत्येक हालचाल मोठ्याने बोला. माझं पहिलं विमान चार सेकंदही उडलं नाही. एलेरॉन उलटे जोडले होते. टेबलावर ते मी हलवून पाहिले होते; हलतात एवढंच पाहिलं, कुठे हलतात ते पाहिलं नाही. डावीकडे झुकू लागलेल्या विमानाला सावरायला मी स्टिक उजवीकडे नेली आणि ते आणखी डावीकडे वळून जमिनीत घुसलं. तीन महिन्यांचं काम होतं. त्याची एक फासळी अजून माझ्या खणात आहे. तेव्हापासून मी बोलतो: उजवा वर. डावा खाली.

एकदा थ्रॉटल थोडं वर नेऊन ट्रान्समीटर बंद करून पाहा. मोटर आपण होऊन थांबली पाहिजे.

मग पहाट. माळरानावर ऊन चढलं की वारा उठतो, त्याआधी पोहोचा. ही जागा उड्डाणाला परवानगी असलेल्या हिरव्या पट्ट्यात आहे हे आदल्या रात्रीच नकाशावर पाहिलेलं असू द्या. जवळ वस्ती नाही, गुरं नाहीत याची खात्री आता डोळ्यांनी करा. चिमूटभर माती उचलून सोडा. ती जिकडे जाते त्याच्या उलट तोंड करून उडायचं. ट्रान्समीटर चाचणीच्या कमी ताकदीवर ठेवून विमानापासून तीस पावलं मोजत चाला. सोबतच्याला ओरडून विचारा, ‘हलतंय का?’ त्याने हात वर केला की परत या. पूर्ण ताकद परत चालू झाल्याची खात्री करा. १९३७ मध्ये अमेरिकेतल्या गुड बंधूंनी, त्या जुळ्या भावांनी, रेडिओवर विमान उडवलं होतं, त्यांनाही मैदानात असंच चालत जाऊन परत यावं लागलं असेल.

बॅटरी काढा, प्रोपेलर लावा, नट आवळा, पुन्हा एकदा आवळा. बॅटरी परत आखलेल्या जागी ठेवा आणि जोडा. आता तो फिरतोच आहे असं समजून वागा. बोटं त्याच्या मागे ठेवा.

सोबत्याला ट्रान्समीटर धरायला द्या आणि विमान मागून दोन्ही हातांनी डोक्याच्या वर, वाऱ्याकडे तोंड करून धरा. हालू नका. झुळूक येईल. तेव्हा हातातलं वजन थोडं कमी होईल. त्या पहिल्या पट्टीसारखं: काहीतरी आहे, किती ते कळत नाही. झुळूक गेली की वजन परत येतं. दोन-तीन झुळका येऊन जाऊ द्या.

आता खाली ठेवा. चाकं मुरुमावर टेकली. एक हात अजून शेपटीवर आहे, तो काढा. मागे या, ट्रान्समीटरचा पट्टा गळ्यात अडकवा, दोन्ही अंगठे स्टिकवर. सावकाश थ्रॉटल पुढे न्या. मुरुमावरून चाकांचा खरखराट ऐका. तो थांबेपर्यंत ऐका.