प्रवाशाचा अधिकार

काशीच्या मणिकर्णिका घाटावरून उत्तरेकडे, म्हणजे गंगेच्या प्रवाहाबरोबर, चालू लागले की पाण्यात एका अंगाला कललेले रत्नेश्वराचे देऊळ आणि शिंदे घाट लागतो. त्याच्या पुढे संकठा घाट आणि आणखी थोड्या अंतरावर भोसले घाट. संकठा घाटाच्या पायऱ्या चढून गल्लीत शिरले म्हणजे संकठा देवीचे मंदिर येते. संकट निवारणारी ही देवता. याच घाटाचा यमाशीही संबंध सांगतात. यमेश्वराचे स्थान येथे आहे आणि यमद्वितीयेला भाविक येथे स्नानाला येतात. शेजारी मणिकर्णिकेच्या चिता अहोरात्र जळत असतात. देवता संकट दूर करणारी, पण तिच्या पायथ्याशी नांदतो तो यम, म्हणजे ज्याच्यापासून सुटका नाही तो. अशा या जागी परगावाहून आलेला माणूस नेमका कोणत्या नात्याने उभा असतो, हा प्रश्न वरवर वाटतो तितका साधा नाही.

प्रवासी आणि यात्रेकरू असा भेद करून हा प्रश्न सोडविण्याची एक सोपी रीत आहे. यात्रेकरू श्रद्धेने येतो, प्रवासी कुतूहलाने येतो. म्हणून पहिला आपला आणि दुसरा परका, असे म्हटले की काम भागते. परंतु आपल्या धर्मशास्त्राने हा भेद इतक्या ढोबळपणे केलेला नाही. तीर्थयात्रेच्या फलाचा विचार करताना निबंधकारांनी जाणाऱ्याच्या हेतूंची प्रतवारी लावली आहे. दुसऱ्या कामाच्या निमित्ताने जो तीर्थाला पोहोचतो त्याला अर्धे फल मिळते. दुसऱ्यासाठी म्हणून जो जातो त्याच्या वाट्याला फक्त सोळावा अंश येतो. या हिशेबीपणाचे आज हसू येईल; पण त्यामागे माणसाच्या हेतूविषयीचा एक समंजस अनुभव आहे. शुद्ध हेतूने कोणी घराबाहेर पडत नाही, हे शास्त्रकारांना ठाऊक होते. निमित्ताने आलेल्याला त्यांनी हाकलून दिले नाही, त्याला अर्धे दिले.

मराठी वाचकाला या प्रकारच्या प्रवाशाचे उदाहरण शोधायला दूर जावे लागत नाही. वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ साली उत्तरेकडे निघाले ते प्रामुख्याने दक्षिणेच्या आशेने. बायजाबाई शिंदे मोठा यज्ञ करणार असल्याची वार्ता कोकणात पोहोचली होती आणि गोडसे भटजींच्या घरावर कर्ज होते. वाटेत बंडाचा वणवा पेटला. झांशीच्या वेढ्यात ते सापडले, लुटले गेले, जिवानिशी वाचले. मिळवलेले धन हातचे गेले आणि अखेर ते गावी परतले ते गंगाजळाची कावड घेऊन. त्यांचे ‘माझा प्रवास’ हे पुस्तक पुढे १९०७ साली प्रसिद्ध झाले. ज्या बायजाबाईंच्या यज्ञाच्या आशेने ते निघाले होते, त्यांच्याच नावाशी काशीतील शिंदे घाटही जोडलेला आहे. पोटासाठी निघालेला हा माणूस प्रवासी की यात्रेकरू? निघताना तो एक होता आणि परतताना दुसरा, एवढेच फार तर म्हणता येईल.

मराठी माणसाच्या बाबतीत आणखी एक गुंता आहे. संकठा घाटावर उभा राहिल्यावर आपण परक्या गावी आहोत असे त्याला वाटतच नाही. एका बाजूस शिंदे, दुसऱ्या बाजूस भोसले, थोडे पुढे पेशव्यांची स्मृती सांगणारे घाट आणि मागे अहिल्याबाई होळकरांनी अठराव्या शतकात उभारलेले विश्वेश्वराचे मंदिर. पैठणहून आलेल्या भट्ट घराण्यातील नारायणभट्टांनी सोळाव्या शतकात ‘त्रिस्थलीसेतु’ हा ग्रंथ लिहिला तो येथे. त्याच घराण्यातील गागाभट्ट १६७४ साली रायगडावर राज्याभिषेकासाठी गेले ते येथून. एकनाथांनी आपल्या भागवतटीकेची समाप्ती केली तीही याच नगरीत. खुद्द संकठा घाटाचा पक्का भाग १८२५ च्या सुमारास बेनीराम पंडित यांच्या विधवा पत्नीने बांधविला, असे सांगितले जाते. हे बेनीराम नागपूरकर भोसल्यांचे इंग्रजांच्या दरबारातील वकील होते. इतके ऐकल्यावर प्रवाशाची छाती सहजच फुगते. पाहुणा म्हणून आलेला माणूस नकळत वारसदाराच्या तोऱ्यात वावरू लागतो.

परंतु वारसा मागणाऱ्याने तो सगळा मागितला पाहिजे. सोयीचा तेवढा उचलून चालत नाही. १७८१ साली वॉरन हेस्टिंग्ज काशीचा राजा चेतसिंग याच्याकडून अधिक रक्कम वसूल करण्यासाठी येथे आला, शहर उसळले आणि हेस्टिंग्जला चुनारला पळ काढावा लागला. त्या संकटात त्याच्याबरोबर राहून त्याला एक लाख रुपये देऊ करणारे हेच बेनीराम आणि त्यांचे बंधू होते. हेस्टिंग्जने ही निष्ठा लक्षात ठेवली आणि त्यांना जहागीर मिळाली. काशी आपल्या राजासाठी उठली असताना मराठी वकील कंपनीच्या गव्हर्नरजवळ उभा होता. ज्या पायऱ्यांचा अभिमान वाटतो, त्यांच्या दगडांखाली हीही एक हकीकत आहे.

शेजारच्या भोसले घाटाची गोष्ट याहून कठीण आहे. नागपूरकर भोसल्यांच्या फौजा १७४० नंतरची सुमारे दहा वर्षे बंगालवर स्वाऱ्या करीत होत्या. गावे जाळली गेली, माणसे परागंदा झाली. शेवटी १७५१ च्या तहाने बंगालच्या नबाबाने दरसाल बारा लाख रुपये चौथाई मान्य केली. गंगाराम नावाच्या बंगाली कवीने याच काळात ‘महाराष्ट्र पुराण’ लिहिले; त्या नावात महाराष्ट्राचा गौरव नाही, फौजांनी केलेल्या छळाचे वर्णन आहे. ‘बर्गी’ हा शब्द, म्हणजे आपला ‘बारगीर’, बंगाली आईच्या अंगाईत भीतीचा शब्द म्हणून आजही उरला आहे. काशीत बंगाली वस्ती जुनी आणि मोठी. तेव्हा भोसले घाटाच्या पायऱ्यांवर एक मराठी प्रवासी आणि एक बंगाली वृद्धा शेजारी शेजारी बसलेली असू शकतात. एकाला त्या भिंतीत आपल्या पूर्वजांची भक्ती दिसेल. दुसरीला तिच्या पणजीच्या अंगाईतला शब्द आठवेल. दगड दोघांच्याही पुढे तोच.

यावर कोणी म्हणेल की दानाला कुळ विचारू नये. पैसा कोठूनही आलेला असो, त्याचा घाट झाला आणि अडीच शतके माणसे त्यावर न्हाली, हे पुरे आहे. या म्हणण्यात तथ्य आहे. पायरीवर पाय ठेवणाऱ्याने दर वेळी पायरीचा इतिहास तपासावा, ही अपेक्षा माणुसकीला धरून नाही. परंतु हा युक्तिवाद स्नान करणाऱ्याचा आहे, अभिमान बाळगणाऱ्याचा नाही. स्नान करणारा पायरीकडून फक्त पाण्यापर्यंत जाण्याची वाट मागतो. अभिमान बाळगणारा तिच्याकडून स्वतःचे मोठेपण मागतो. ज्याने मोठेपण मागितले त्याला त्या मोठेपणाची किंमत कोणी मोजली हे विचारावेच लागते. म्हणून वारसदार या नात्याने काशीत उभे राहणाऱ्याच्या हाती मालकी येत नाही. येते ते ऋण. त्यातला काही भाग पूर्वजांचा आणि काही पूर्वजांनी ज्यांना लुटले त्यांचा.

आता मणिकर्णिकेकडे पाहू. जगातील बहुतेक शहरांनी आपली स्मशाने गावाबाहेर नेली. काशीने ती वस्तीच्या मधोमध ठेवली. तेथे रोज दूरदूरची माणसे मृत्यू पाहायला येतात. नावेतून, गच्चीवरून, पायऱ्यांवरून पाहतात. छायाचित्रे काढू नयेत, असे तेथील लोक सांगतात आणि तरीही ती काढली जातात. यात चुकते काय? चितेवरच्या देहाचे काही हिरावले जात नाही. शिवाय काशीनेच मृत्यू उघडा मांडला आहे. तो पाहू नये असे तिला वाटत असते तर तिने भिंत घातली असती. तेव्हा पाहणे हाच दोष मानता येत नाही.

या कोड्याचे उत्तर यात्रेच्या जुन्या नियमांत सापडते. तीर्थाला गेलेल्याने प्रतिग्रह करू नये, म्हणजे कोणाकडून काही घेऊ नये, असा दंडक महाभारतापासून चालत आला आहे. ज्याचे हातपाय आणि मन ताब्यात आहे आणि जो प्रतिग्रहापासून दूर आहे, त्यालाच तीर्थाचे फल मिळते. येथे प्रतिग्रह म्हणजे केवळ द्रव्य असे समजण्याचे कारण नाही. दुसऱ्याच्या आयुष्यातली एखादी गोष्ट त्याच्या संमतीवाचून आपल्या उपयोगासाठी उचलणे हाही प्रतिग्रहच आहे. बापाला अग्नी देणारा मुलगा त्या क्षणी कोणासाठीही दृश्य नसतो. त्याच्याकडे पाहणारा जेव्हा त्याला आपल्या प्रवासाचा एक प्रसंग करतो, तेव्हा तो काहीतरी घेतो. घेतलेली वस्तू दिसत नाही म्हणून घेणे घडले नाही असे होत नाही.

याच परंपरेने अनोळखी माणसाला स्मशानात एक जागाही दिली आहे. ज्याचे कोणी नाही अशा प्रेताला खांदा देणे, त्याचा संस्कार करणे, हे मोठे पुण्य मानले आहे. मेलेला कोण, कोठला, याची चौकशी तेथे करावी लागत नाही. म्हणजे परक्याने दुसऱ्याच्या मृत्यूजवळ येऊ नये, असे शास्त्राचे म्हणणे नाही. त्याने रिकाम्या खांद्याने येऊ नये, एवढेच त्याचे म्हणणे आहे. प्रत्येक प्रवाशाला खांदा देण्याची वेळ येत नाही, हे खरे. पण आपल्यालाही एक दिवस असेच न्यायचे आहे हे ध्यानात ठेवून जो पाहतो आणि मृत्यू फक्त समोरच्याला आहे अशा सुरक्षित जागेवरून जो पाहतो, त्या दोघांचे पाहणे एक नव्हे.

मृतांइतकाच जिवंतांचाही विचार करायला हवा. प्रवासी येतो आणि जातो. शहरात राहणारा राहतो. भूमध्य समुद्राच्या अंगाने वसलेल्या जुन्या नगरांना हा प्रश्न आज फार तीव्रतेने पडला आहे. व्हेनिसच्या जुन्या भागातील रहिवासी पन्नास हजारांच्याही खाली आले आणि २५ एप्रिल २०२४ पासून त्या शहराने गर्दीच्या ठरावीक दिवशी, मुक्काम न करता येणाऱ्या पाहुण्यांकडून पाच युरो प्रवेशशुल्क घेण्यास सुरुवात केली. पाहुण्याकडून पैसे घेण्याची ही कल्पना काशीला नवी नाही. मोगल काळात येथे यात्रेकरूंवर कर होता. गोदातीरावर जन्मून काशीत स्थायिक झालेले कवींद्राचार्य सरस्वती यांनी शाहजहानकडे रदबदली करून काशी आणि प्रयाग येथील तो कर रद्द करविला. पहिल्या शहराने आपल्या रहिवाशांसाठी दाराशी पैसे मागितले. दुसऱ्या शहरातल्या विद्वानाने येणाऱ्यांसाठी दार मोकळे करून घेतले. दोघांचीही बाजू न्यायाचीच आहे. म्हणूनच हा प्रश्न कराने सुटणारा नाही आणि करमाफीनेही नाही.

काशीत अलीकडे झालेला मोठा बदल याच पेचातून गेला. १३ डिसेंबर २०२१ रोजी विश्वनाथ मंदिरापासून गंगेपर्यंतच्या प्रशस्त मार्गाचे उद्घाटन झाले. त्यासाठी सुमारे तीनशे मालमत्ता विकत घेऊन पाडण्यात आल्या. घरांच्या आत दडलेली लहान मंदिरे त्या वेळी उजेडात आली आणि त्यांच्याभोवती पिढ्यान्‌पिढ्या राहिलेली माणसे दुसरीकडे गेली. वृद्ध आणि अपंग भाविकांना आता सुखाने जाता येते, ही गोष्ट लहान नाही. पण ज्याच्या सोयीसाठी हे घडले तो दोन दिवसांनी आपल्या गावी परततो आणि ज्याचे घर गेले त्याला परतायला गाव उरलेले नसते. ‘संकट’ या संस्कृत शब्दाचा एक मूळ अर्थ अरुंद, चिंचोळे असा आहे. काशीच्या गल्ल्या त्या अर्थाने संकटेच होत्या. त्या अरुंदपणात समोरून येणाऱ्याला वाट द्यावी लागे, बैलासाठी भिंतीला चिकटून उभे राहावे लागे, प्रेतयात्रा आली तर थांबावे लागे. परक्याला शहराची शिस्त ती गल्लीच शिकवीत असे. रुंद रस्त्यावर ही शिस्त प्रवाशाला स्वतःच्या मनातून आणावी लागते.

मग प्रवाशाने काशीहून काही न घेताच परतावे काय? परंपरेने त्याला एक वस्तू नेऊ दिली आहे: गंगेचे पाणी. पण तेही स्वतःसाठी नव्हे; घरी राहिलेल्या वृद्धांसाठी, मरणाऱ्याच्या ओठांसाठी, किंवा रामेश्वराच्या अभिषेकासाठी. एकनाथांची कथा मराठी घरांत सर्वांना ठाऊक आहे. काशीची कावड रामेश्वराकडे नेत असता वाटेत तहानेने तडफडणारे गाढव दिसले आणि नाथांनी ते पाणी त्याला पाजले. या कथेतील करुणेविषयी पुष्कळ बोलले जाते; तिच्यातील दुसऱ्या बाजूकडे मात्र दुर्लक्ष होते. नाथांना पाणी देता आले, कारण ते पाणी आपले आहे असे त्यांनी कधी मानलेच नव्हते. जे आपण फक्त वाहून नेत असतो ते योग्य ठिकाणी देऊन टाकता येते.

दुसऱ्यासाठी जाणाऱ्याला शास्त्राने केवळ सोळावा अंश दिला आहे. नाथांनी, किंवा नाथांची ही कथा सांभाळणाऱ्या सामान्य लोकांनी, हा हिशेब उलटा केला. काशी कोणाची, या प्रश्नाला तेथे उत्तर मिळत नाही, कारण तो प्रश्न मालकाचा आहे. प्रवाशाचा प्रश्न वेगळा असतो: येथून जे उचलले ते कोणासाठी उचलले? संकठा घाटाच्या पायऱ्या ज्या विधवेने बांधविल्या तिचे नाव आज सहसा कोणी घेत नाही. ती ओळखली जाते पतीच्या नावाने. तिच्या पायऱ्यांवरून मात्र माणसे रोज पाण्याकडे उतरतात आणि भरलेली भांडी घेऊन वर चढतात. ज्याच्या भांड्यातले पाणी कोणा दुसऱ्यासाठी असेल, त्याला त्या घाटावर परका म्हणण्याचे कारण नाही.