पराक्रमाला उसनी कारणे

सरकारी मानपत्राची भाषा स्वभावतः कोरडी असते. परंतु नाईक यशवंत घाडगे यांना मरणोत्तर मिळालेल्या व्हिक्टोरिया क्रॉसच्या मानपत्रात तो कोरडेपणाच अंगावर येतो. १० जुलै १९४४ रोजी, इटलीतील टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात, मराठा लाइट इन्फंट्रीच्या एका कंपनीच्या हल्ल्यात घाडगे यांच्या सेक्शनवर अगदी जवळून मशीनगनचा मारा झाला आणि त्या सेक्शनमधील, त्यांच्याखेरीज, प्रत्येक शिपाई ठार किंवा जायबंदी झाला. एकटे उरलेले घाडगे क्षणाचाही विलंब न लावता त्या मशीनगनच्या ठाण्यावर धावून गेले. हातबाँब टाकून त्यांनी मशीनगन व ती चालविणारा निकामी केला, टॉमीगनने आणखी एकास टिपले, आणि मॅगझीन बदलण्यास सवड नाही असे पाहून टॉमीगन नळीकडून धरून उरलेल्या दोघांना तिच्याच तडाख्यांनी ठार केले. लगोलग शत्रूच्या नेमबाजांनी त्यांनाही गाठले. त्या वेळी त्यांचे वय अवघे २२ वर्षांचे होते.

रायगड जिल्ह्यातील माणगावात त्यांचा पुतळा आहे. परंतु अशा वीरांच्या स्मरणसभांतून ‘मातृभूमीसाठी देह ठेवला’ असे जे ठरावीक वाक्य शिरस्त्याप्रमाणे उच्चारले जाते, ते ऐकताना माझे मन अवघडते. घाडगे ज्या सरकारचे चाकर होते, त्याने १९३९ साली हिंदुस्थानास युद्धात ओढताना येथील लोकप्रतिनिधींना विचारण्याचीही तसदी घेतली नव्हती. ते पडले त्या जुलैत नेहरू आणि पटेल अहमदनगरच्या किल्ल्यात बंदिवान होते, आणि तिकडे इंफाळच्या मोहिमेतून आझाद हिंद सेनेचे उपाशी शिपाई चिखलपावसात माघार घेत होते. १९४५ च्या मार्चमध्ये दिल्लीच्या लाल किल्ल्यात व्हाइसरॉय वेव्हेल यांनी घाडगे यांच्या तरुण विधवेच्या हाती ते पदक ठेवले; त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात, त्याच किल्ल्यात, आझाद हिंदच्या अधिकाऱ्यांवरील खटला उभा राहिला. इतिहासाने इतकी उघड गुंतागुंत समोर मांडली असता, ती सोयीच्या एका वाक्याखाली झाकणे हा मृताचा सन्मान नव्हे. ती आपल्याच संकोचाची सोय होय.

घाडगे यांना ‘भाडोत्री’ म्हणून निकालात काढणे हे मात्र त्याहून हलके काम. समोर हिटलरची फौज होती आणि तिचा पाडाव होणे जगाच्या हिताचेच होते; तथापि तोही हिशेब त्या घटकेला त्यांच्या मनात असेल, असे मी म्हणणार नाही. ज्यांच्याबरोबर एका पंगतीत जेवण झाले, ती माणसे डोळ्यांदेखत कोसळलेली होती. पलटणीत वाढलेल्या शिपायास एवढे कारण पुरते, असे आपले मला वाटते. आणि त्यास वरून साम्राज्याची वा स्वराज्याची मोहोर लावण्याची गरज मला दिसत नाही.

२०२३ साली इटलीतील मोंतोने या गावाने घाडगे यांच्या नावाने एक सूर्यघटिका उभारली. आपण सारे एकाच सूर्याखाली राहतो, अशा अर्थाचे ब्रीद तिला दिले आहे. त्या परक्या गावकऱ्यांना घाडगे कोणाच्या निशाणाखाली आले, हे ठाऊक होतेच. स्मारक उभारताना ते लपवावे असे त्यांना वाटले नाही. आपण मात्र अजून पुतळ्यापुढे तीच भाषणे करतो, आणि त्या दिवशी घाडगे यांच्याबरोबर पडलेल्या त्यांच्या सेक्शनमधील शिपायांची नावे, जी मानपत्रातही नाहीत, विचारावयाची राहून जातात.