पाळणं

नातवाचा पुण्याहून फोन आला. "आबा, मी साप पाळायचं म्हणतोय." मी मोसंबीला ठिबकची नळी चोंदली म्हणून वाकलो होतो, तसाच बांधावर बसलो.

बॉल पायथन म्हणे. पश्चिम आफ्रिकेतला अजगर. बिनविषारी, चार-पाच फुटांचा. घाबरला की वेटोळ्यात डोकं खुपसून चेंडू होतो. काचेच्या पेटीत एका अंगाला ऊब, दुसऱ्या अंगाला गारवा, लपायला आडोसा आणि आठ-दहा दिवसांनी एक उंदीर. नवशिक्याला हाच बरा. आपल्याकडचे साप पाळणं १९७२ च्या कायद्यानं गुन्हा आहे आणि अशा परदेशी प्राण्याची २०२४ च्या नियमांप्रमाणे नोंद करावी लागते, हेही त्याला पाठ होतं.

"अरे, देव आहे तो. देवाला पेटीत कोंडतात का?"

"मग देव्हारा काय असतो, आबा?" तो हसला. मग हळूच म्हणाला, "आणि ती धामण?"

घनसावंगीच्या आमच्या आखाड्यावर कडब्याच्या गंजीत एक धामण असायची. आई तिला राखणदार म्हणायची. एका वर्षी नागपंचमीला घरच्या बायका वारुळाला दूध-लाह्या ठेवून आल्या. साप दूध पीत नाही, हे तेव्हाही मला माहीत होतं. चारच दिवसांनी अंधारात पायापाशी सळसळलं आणि मी काठी घातली. कंदील आणून बघितलं, तर धामण. सहा वर्षांचा नातू शेजारी उभा होता. त्या हिवाळ्यात उंदरांनी बियाण्याची पोती कुरतडली.

म्हणजे त्याला पेटीतला साप हवा, मला वारुळातला. समोर येईल तो कुणालाच नको.

फोन ठेवल्यावर 'पाळणं' हा शब्दच डोक्यात घोळत राहिला. आपण जनावर पाळतो, तसंच पथ्य पाळतो, व्रत पाळतो, दिलेला शब्द पाळतो. जनावर पाळलं की ते बांधलं जातं. बाकी सगळ्यांत बांधले जातो आपण. पंचमीला नांगर धरायचा नाही, चिरायचं-कापायचं नाही, तवा ठेवायचा नाही, म्हणून तर दिंडं उकडतात. त्या दिवशी सापाला काहीच मनाई नाही, सगळी मनाई माणसाला. जनमेजयाचं सर्पसत्रही थांबलं ते त्यानं आस्तिकाला दिलेला शब्द पाळला म्हणून. बत्तीस शिराळ्यात जिवंत नाग धरून पुजायचे. कोर्टानं ते बंद केलं, तरी पंचमी काही बुडाली नाही.

पण नातवाचंही खोटं नाही. तो स्वतःच सांगतो, या सापाला माया लागत नाही, हाताची सवय होते इतकंच. आणि तो वीस-तीस वर्षं जगतो. परत काही मिळणार नाही हे ठाऊक असून तेवढी वर्षं पेटीची ऊब सांभाळली, तर ते व्रतच झालं. आवड चार महिन्यांत सरली, तर मात्र ती कैद. म्हणून मी 'घेऊ नको' म्हणालो नाही. "तू पन्नाशीचा होईस्तोवर पाळशील?" एवढंच विचारलं. त्यानं दोन दिवस मागितले. त्याला आता आठवडा झाला.

यंदा गंजीत पुन्हा धामण दिसते आहे. रात्री आखाड्यावर जाताना मी काठी घरी ठेवतो, बॅटरी नेतो.