धूर दिसला म्हणून

मी पॅथॉलॉजिस्ट. वडील पाठशाळेत न्यायशास्त्र शिकवत, त्यामुळे ‘पर्वतावर धूर आहे, म्हणून तिथं अग्नी आहे’ हे अनुमान पाढ्यांच्या आधी कानावर पडलं. पुढं मी धूर मोजायचाच धंदा पत्करला.

लीशमन स्टेन केलेल्या काचेवर इओसिनोफिल चटकन ओळखू येतो. दोन पाळ्यांचं केंद्रक, भोवती नारिंगी-तांबड्या कणांची दाटी. पॉल एर्लिक यांनी १८७९ मध्ये इओसिन या रंगावरून ही पेशी वेगळी ओळखली. दम्याच्या एका मोठ्या गटात श्वासनलिकांच्या सुजेत हीच पेशी पुढं असते. स्पायरोमेट्रीच्या नळीत नीट फुंकता न येणाऱ्या लहानग्यांचं रक्त मग आमच्याकडं येतं आणि आई काउंटरवर विचारते, “मॅडम, बाळदमा आहे का ते यात कळेल ना?”

नैयायिक इथं अडवतो. धूर तिथं अग्नी, ही व्याप्ती, म्हणजे दोघांची कायमची सोबत, पक्की. इओसिनोफिल वाढले तिथं दमा, ही पक्की आहे का? जंत, एक्झिमा, अ‍ॅलर्जीची सर्दी, एखादं औषध, कशानंही ते वाढतात. हत्तीरोगाच्या कृमींमुळं होणारा ट्रॉपिकल इओसिनोफिलिया तर खोकल्यासकट दम्याचं सोंग घेऊन येतो. आयजीई या अ‍ॅलर्जीच्या प्रतिपिंडाची गत फारशी वेगळी नाही. अशा हेतूला, म्हणजे खुणेला, शास्त्रात सव्यभिचार म्हणतात. उलट बाजू मला जास्त छळते. तापून लाल झालेल्या लोखंडी गोळ्यात अग्नी असतो, धूर नसतो. हे उदाहरणही शास्त्रातलंच. प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड चालू असलेल्या मुलाचे इओसिनोफिल खाली बसतात, आणि काहींचा दमा मुळात या पेशींचा नसतोच. रिपोर्टात काही निघालं नाही म्हणजे पोरगं नाटक करतं, असं म्हणणारे बाप मी पाहिलेत. आकड्यावर इतकी श्रद्धा देवावरही नसेल!

मग मोजायचं कशाला? प्रश्न बदलला की हाच आकडा कामाला येतो. दमा आहे का, हे त्याला विचारू नका. दमा कुठल्या जातीचा, पुन्हा उसळेल का, स्टेरॉइडचा पंप लागू पडेल का, हे विचारा. वारंवार छाती वाजणाऱ्या लहान मुलांत ज्यांचा काउंट दर मायक्रोलीटरला ३०० किंवा वर, त्यांना रोजच्या पंपाचा फायदा अधिक होतो, असं अभ्यासांत दिसलं आहे. सहा वर्षांपुढच्या तीव्र दम्यात मेपोलिझुमॅबचं इंजेक्शन द्यायचं का, हे ठरवतानाही तो पाहतात.

चरकसंहितेच्या सूत्रस्थानात आप्तोपदेश, प्रत्यक्ष आणि अनुमान यांच्या जोडीला युक्ती हे चौथं प्रमाण येतं. अनेक कारणं एकत्र जुळवून पाहणारी ती बुद्धी. माझा अनुमानाचा तुकडा तिथं जाऊन बसतो, आईचं बोलणंही तिथंच. रात्री दोननंतर खोकतो, पळाला की धाप लागते, शेजारी शेगडी पेटली की छाती वाजते. आप्त तो, ज्याला विषय ठाऊक आहे आणि खोटं बोलायचं कारण नाही. पोराला उशाशी उभं धरून रात्र काढणाऱ्या बाईहून अधिक आप्त कोण?

म्हणून लिफाफा देताना मी सांगते: डॉक्टरांना आधी रात्रीचं सगळं सांगा, मग हा कागद दाखवा. आणि आकडा नॉर्मल दिसला म्हणून पंप आपल्या मनानं बंद करू नका.